राखेची पेरणी

“लोणार तालुक्यातील कुसळखेड येथील चाळीस एकर ओसाड ई-क्लास जमिनीवर श्री तृणनाथ महाराज यांच्या मंत्रसिद्ध तिफणीने केवळ भस्माची पेरणी करण्यात आली. कोणतेही बियाणे न वापरता अकराव्या दिवशी गवताची सत्त्याण्णव टक्के उगवण नोंदवण्यात आली आहे. श्रद्धा आणि शास्त्र यांच्या संगमातून साकारलेला हा प्रयोग सर्व गायरानांसाठी मार्गदर्शक ठरेल.”

हे पत्रक एका सरकारी कार्यालयाने काढले. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. ते दुसऱ्या कोणत्याही कार्यालयातून निघू शकले असते आणि तिथेही त्यावर तितक्याच निश्चिंतपणे शिक्का बसला असता.

पत्रकातले दुसरे वाक्य पुन्हा वाचावे. शंभर बिया पेरल्या आणि सत्त्याण्णव उगवल्या, तर उगवण सत्त्याण्णव टक्के. बी पेरलेच नसेल तर भागाकाराच्या खाली शून्य येते, आणि शून्याने भागायचे नसते हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. वाक्याचा पूर्वार्ध खरा मानला तर उत्तरार्ध खोटा ठरतो. उत्तरार्ध खरा मानला तर कोणीतरी बी पेरले होते आणि मोजलेही होते, म्हणजे पूर्वार्ध खोटा. दोन्ही एकाच वेळी खरे असण्याची सोय गणितात नाही. पत्रकात ती करून घेतलेली आहे.

‘चाळीस एकर’ हा आकडाही असाच. तिफण फिरली ती मांडवासमोरच्या अर्ध्या एकरावर. उरलेले साडेएकोणचाळीस एकर मंत्राने व्यापले, असे महाराजांचे म्हणणे होते, आणि मंत्राची मोजणी करणारा तलाठी अजून नेमला गेलेला नाही. पत्रकासोबत एक छायाचित्र होते. त्यात गुडघाभर, तुऱ्यावर आलेले गवत वाऱ्याने एका बाजूला कललेले दिसत होते. अकरा दिवसांत गुडघ्याला लागून तुरा टाकणारे गवत पृथ्वीवर नाही. मग ते गवत कुणाचे होते? इथून खरी हकीकत सुरू होते, आणि ती पत्रकाइतकी आनंददायक नाही.

वऱ्हाडात गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात. बीबीपासून आठ किलोमीटरवरच्या कुसळखेडचे ई-क्लास पत्रकात म्हटल्याप्रमाणे ओसाड नव्हते. ते थकलेले होते. पूर्वी तिथे पवन्या आणि मारवेल ही गुरांना आवडणारी गवते असत. बेसुमार चराईने ती मागे सरली आणि तोंडाला टोचणारे कुसळ नावाचे गवत तेवढे उरले. ज्यांना शेत आहे त्यांना याचे विशेष वाटले नाही. त्यांच्याकडे सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, होते. शेत नसलेल्यांना मात्र दुसरी जागा नव्हती. जनकाबाई त्यांपैकी एक. चार गाई, अकरा शेळ्या आणि एक नवरा एवढे त्यांच्या दावणीला होते, असे त्या स्वतःच सांगत.

गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका धम्मशीला अंभोरे आणि जनकाबाई यांनी मिळून नाल्याकाठच्या अर्ध्या एकरात गवत परत आणण्याचा उद्योग आरंभला होता. पुस्तक एकीचे आणि हात दुसरीचा. पहिल्या वर्षी दोन्ही हरले. बी काढले, लगेच पेरले, आणि काहीही उगवले नाही. मग धम्मशीलाबाईंना वाचनात सापडले की पवन्याचे ताजे बी झोपलेले असते. त्याला वर्षभर ठेवावे लागते.

दुसरी अडचण पेरण्याची होती. गवताचे बी ज्वारीसारखे गोल, जड, आज्ञाधारक नसते. ते हलके, लवदार, शेपटीसारखे कुसळ बाळगणारे. तिफणीच्या चाड्यात, म्हणजे ज्या लाकडी वाटीतून बी नळ्यांत उतरते तिच्यात, ते टाकले की कापसासारखे गुंतते आणि नळी तुंबते. शिवाय तिफणीचा फण तीन बोटे खोल जातो. इतक्या खोल गेलेले गवताचे बी वर येत नाही, कारण त्याच्या पोटात तेवढ्या वाटेची शिदोरीच नसते. त्याला अर्ध्या बोटाहून जास्त माती चालत नाही.

जनकाबाईंनी बी चिकणमाती, शेण आणि वाळूत घोळवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या. जुने ठोंब न उपटता मधल्या मोकळ्या जागेत वखराने नुसते खरवडले. एकाच नळीचे सरते हलक्या हाताने, फण जमिनीला जेमतेम लागेल असे चालवून वीत-वीत अंतरावर गोळी सोडली आणि वरून बाभळीच्या फांद्यांचे झाळ ओढले. त्या वर्षी गवताने जीव धरला आणि पुढच्या पावसाळ्यात ते गुडघ्याला लागले. पत्रकातले छायाचित्र या अर्ध्या एकराचे.

त्यानंतर अकरा बायकांनी दोन हंगाम त्या तुकड्यावरून, नाल्याच्या कडांवरून आणि दूरच्या टेकड्यांवरून बी ओरबाडून आणले. ओंजळीत वजन लागत नाही असे ते बी सात पोती साचले. यंदाच्या जूनमध्ये ते सगळ्या ई-क्लासवर घालायचे होते.

मे महिन्यात महाराज आले.

तृणनाथ हे त्यांनी स्वतःच घेतलेले नाव. पूर्वाश्रमी ते दीपक होते. पूर्वाश्रमाविषयी विचारू नये, असा आश्रमाचा नियम होता आणि तो अतिशय व्यवहारी नियम होता. त्यांच्या मागे एक प्रतिष्ठान, दोन मोटारी आणि एक ड्रोन होता. प्रतिष्ठानाची मागणी साधी होती: महाराजांनी ई-क्लास हिरवे करून दाखवले, तर गावाने ती जमीन तीस वर्षांसाठी ‘तृणतीर्था’साठी द्यावी. तीर्थाला कुंपण असणार होते. पवित्र क्षेत्रात जनावरे सोडता येणार नव्हती. गवताच्या तीर्थात गुरांना मज्जाव, ही विसंगती सभेत कोणाला खटकली नाही, किंवा खटकली ती बोलण्याइतकी नाही.

पहिल्याच सभेत महाराजांनी सात पोत्यांकडे बोट दाखवले.

“माय, हे बी नव्हे, हा देह आहे,” ते जनकाबाईंना म्हणाले. “देहात आत्मा अडकून पडलेला. पोत्यातला आत्मा सात पोत्यांपुरताच राहतो. देह अग्नीला दिला की तो मोकळा होतो आणि चाळीस एकरांत शिरतो. आजचं विज्ञान यालाच ऊर्जा म्हणतं.”

या न्यायाने धान्याची कोठारे पेटवणे हीच शेतीची सर्वोत्तम पद्धत ठरते. स्वतःच्या जेवणाच्या बाबतीत महाराज या तत्त्वापासून कटाक्षाने दूर राहत.

जनकाबाई उभ्या राहिल्या. “महाराज, जळेल बी उगवते काय?”

“प्रश्न विचारणारी जीभ आधी जाळावी लागते, माय. मग उत्तर आपोआप येतं.”

सभा हसली. जनकाबाईंचा नवराही हसला.

सरपंच नारायणराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “जनकाबाई, तुमचं बी काय वाया जाऊन राह्यलं? देवालेच जाऊन राह्यलं ना.”

“देवाले पायजे होतं तं त्यानं टेकडीवरच नसतं का ठेवलं, नारायणभाऊ? आमच्या बोटायचे साल काऊन काढले?”

नारायणरावांनी मग कायदा शोधला. बी ई-क्लासवरचे, ई-क्लास सरकारचे, देखभाल ग्रामपंचायतीची. म्हणून बी ग्रामपंचायतीचे. टेकड्यांवरून आणलेल्या बियाण्याबद्दल कायदा मौन राहिला. सात पोती होमात गेली. पवन्याचे बी कोरडे आणि लवदार असल्याने फार सुंदर जळते. ज्वाळा मांडवाच्या झालरीपर्यंत गेली आणि लोकांनी हात जोडले. त्या अकरा बायका उन्हात मागे उभ्या होत्या. कोणी रडले नाही. त्यांतली गीताबाई एवढेच म्हणाली, “दोन वर्सं, व माय,” आणि पदर झटकून घरी गेली.

पेरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. पाऊस नव्हता. येणाऱ्या भक्तांना धुळीचा त्रास होऊ नये म्हणून प्रतिष्ठानाने आदल्या दिवसापासून पाण्याचा टँकर लावला होता आणि तो पुढे रोज सकाळ-संध्याकाळ मांडवासमोरच्या अर्ध्या एकरावर पाणी शिंपडत राहिला. हा टँकर हजारो लोकांनी पाहिला. चमत्काराच्या वर्णनात तो एकाही माणसाने सांगितला नाही. धूळ बसवणारे पाणी जमीन भिजवत नाही, अशी एक सामुदायिक समजूत त्या आठवड्यात गावात नांदत होती.

तिफण पिवळ्या रंगाची, नव्या लाकडाची, तीन फणांची होती. महाराजांनी रिकामे चाडे सगळ्यांना दाखवले. लोकांनी त्यात डोकावले, मोबाइलही डोकावले. मग त्यांनी होमाची राख ओंजळीने चाड्यात सोडायला सुरुवात केली. शिष्याने तिफणीचा दांडा धरून बैल हाकले. ताशे सुरू झाले आणि शेवटचे तास, म्हणजे पेरणीची शेवटची ओळ, निघेपर्यंत थांबायचे नाहीत, अशी महाराजांची आज्ञा होती.

कुसळखेडात पेरणीला एक रीत आहे. गावात ज्या बाईची मूठ चांगली, ती तिफणीमागून चालते. मूठ धरणे म्हणजे मुठीतून दाणे चाड्यात एकसारखे सोडत राहणे. हे काम डोळ्यांपेक्षा कानांनी होते. नळीतून पडणाऱ्या दाण्याचा आवाज थांबला की नळी तुंबली असे समजायचे. जनकाबाईंची मूठ तीस वर्षे गावात पहिली होती. महाराजांनी त्यांना मूठ धरू दिली नाही. पण मागून चालण्याला नाही म्हणता आले नाही.

दुसऱ्या तासाच्या शेवटी, धुऱ्यावर, म्हणजे बांधाशी, बैल वळवताना ताशेवाल्याने घाम पुसायला हात थांबवला. चार-पाच पावलांइतकाच वेळ. तेवढ्यात जनकाबाईंना नळीतून टिपटिप ऐकू आली. राख नळीतून जाताना आवाज करत नाही.

त्यांनी शेजारी चालणाऱ्या रामराव सुतारांना सांगितले. रामरावांनी पन्नास वर्षे गावाच्या तिफणी घडवल्या होत्या.

“बुवा, नळीतून दाणा पडून राह्यला.”

“तुह्ये कान गेले, जनके.”

“कान गेले असते तं दाणा कायले ऐकू आला असता?”

“मंग डोस्कं गेलं असन. चाल पुढं.”

अकराव्या दिवशी गर्दी झाली ती गावाने कधी पाहिली नव्हती. लोणार, बीबी, पार देऊळगावकडची माणसे आली. शेगावच्या दर्शनाहून परतणाऱ्या दोन जीपही वाट वाकडी करून आल्या. मांडवासमोर दोरी बांधलेली. चपला बाहेर. दोरीपलीकडे तापलेल्या करड्या माळावर तीन-तीनच्या ओळींत, ओळंब्याने आखल्यासारखे हिरवे कोंब उभे होते. स्त्रिया दोरीला कपाळ लावत होत्या. राखेच्या पुड्या वाटल्या जात होत्या. महाराज ध्वनिक्षेपकावरून समजावत होते की तीन ओळी म्हणजे तीन गुण, फण म्हणजे गुरूचे बोट, आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ राखेच्या या शक्तीने थक्क झालेले आहेत. कोणते शास्त्रज्ञ, हे सांगितले नाही. थक्क झाल्यामुळे बहुधा त्यांना नाव सांगता आले नसावे.

गवताचे बी ओळी धरून उगवते का, इतके दाट येते का, पात इतकी रुंद असते का, हे प्रश्न शेतकऱ्यांच्या गर्दीत कोणालाच पडले नाहीत, असे मी म्हणणार नाही. चाळिशीच्या आतल्यांना खरेच कळले नसेल. सोयाबीन आल्यापासून कुसळखेडात दोरीपलीकडचे ते पीक कोणी पेरलेले नाही. म्हाताऱ्यांना कळले. त्यांच्या चेहऱ्यांवरून ते दिसत होते. त्यांनी ओळखले आणि हात जोडले. या जोडलेल्या हातांचा मला भाबड्या हातांपेक्षा अधिक राग येतो.

सगळ्या तपासयंत्रणांत निःपक्षपाती ठरली ती जनकाबाईंची एक कानतुटकी शेळी. ती दोरीखालून आत शिरली आणि सेवेकरी पोहोचेपर्यंत तिने एक झुपका ओढला. भुसभुशीत ओली माती. झुपका मुळासकट आला. सेवेकऱ्याने शेळीला काठी घातली आणि मालकिणीला शिव्या. जनकाबाईंनी दोन्ही सोसून शेळीच्या तोंडातले उपटलेले कोंब काढून घेतले आणि ओच्यात घालून शाळा गाठली. उन्हाळी सुट्टी होती, पण धम्मशीलाबाई पटसंख्येच्या कागदांसाठी शाळेतच होत्या.

टेबलावर कोंब ठेवला. पांढरा दांडा तीन बोटे लांब, आणि त्याच्या टोकाला फुटून रिकामे झालेले दाण्याचे टरफल.

“बाजरी,” धम्मशीलाबाई म्हणाल्या.

“हाव. लय वर्सं झाले पाहून, पण हात इसरत नाही. मॅडम, आता हे गावाले दाखवा.”

“शेळीनं दिलेला पुरावा कोण मानेल, मावशी?”

“काऊन? ते तं खोटं बोलत नाही. सरपंचापरस बरं हाय.”

धम्मशीलाबाईंनी दोन घमेली घेतली. दोन्हींत ई-क्लासची माती भरली. एकात महाराजांच्या पुडीतली राख, दुसऱ्यात तीच राख आणि तीन बोटे खोल बाजरी. दोन्हींना सारखे पाणी. सहाव्या दिवशी दुसऱ्या घमेल्यात कोंब होते. पहिल्यात ओली राख.

त्याच सुमारास पत्रक काढणाऱ्या कार्यालयाचा सागर नावाचा तरुण कर्मचारी अहवालाच्या कामाने गावात आला होता. पत्रकातले आकडे त्याच्याच अहवालातले. धम्मशीलाबाईंनी त्याला शाळेत बोलावून घमेली दाखवली.

“सत्त्याण्णव टक्के कसे काढले, सागरभाऊ?”

“मॅडम, वरून फॉर्म आला होता. त्याच्यात उगवणीचा रकाना होता. रकाना रिकामा ठेवला तं फॉर्म पुढं जात नाही.”

“मग सत्त्याण्णवच का?”

“शंभर लिहिलं का खोटं वाटते.”

“आणि फोटो?”

“तो नाल्याकाठचा. ओलीनं तिथं हिरवं दिसून राह्यलं होतं.”

“ते या जनकाबाईंचं गवत आहे. तीन वर्षांचं.”

सागर जनकाबाईंकडे वळला. “मले कोणी सांगतलं नाही,” तो म्हणाला. आणि ते खरे होते. त्याने विचारलेही नव्हते.

“मग आता अहवालात या घमेल्यांची नोंद घ्या.”

“घमेल्याचा रकाना नाही, मॅडम.”

जमीन देण्याच्या ठरावासाठी ग्रामसभा महिनाअखेरीस बोलावली गेली. पारावर पांढरे कापड अंथरून त्यावर सिद्ध तिफण ठेवली होती. आधी तिची पूजा, मग ठराव. महाराज स्वतः उपस्थित होते. जनकाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. ठराव झाला तर दुसऱ्या दिवसापासून चार गाई कुठे सोडायच्या, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. घरात त्याचा विषय निघाला की नवरा बाहेर निघून जाई.

धम्मशीलाबाईंनी पूजेआधी बोलायची परवानगी मागितली. दोन्ही घमेली समोर ठेवली, उपटलेला कोंब दाखवला, टँकरची आठवण करून दिली, तीन बोटांचा आणि अर्ध्या बोटाचा फरक सांगितला. दहा मिनिटांत, एकही कठीण शब्द न वापरता. त्या दिवशी कुसळखेडला जे काही कळायला हवे होते ते सगळे त्या दहा मिनिटांत होते.

मागून एक आवाज आला, “तुमच्या लोकायले देवच मंजूर नाही. तुमचं कायले ऐकाव?”

“मी देवाचं बोलत नाही, दादा. बाजरीचं बोलते आहे.”

थोडे लोक हसले. बाकीच्यांनी घमेल्यांकडे पाठ फिरवली. पुरावा होता, तर्क होता, सहा दिवसांचा प्रयोग होता, आणि ग्रामसभेने त्यांची दखल एका तिरक्या शेऱ्यात घेतली. नारायणराव म्हणाले, “मॅडम, झालं असन तं बसा. पूजेची येळ टळून राह्यली.”

पूजेला जनकाबाईंना पुढे यावे लागले. ज्या बाईची मूठ पहिली, तिफणीला हळदीकुंकू तिनेच लावायचे असते. त्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या. कुसळखेडात कोणत्याही तिफणीची पूजा तिला धुतल्याशिवाय होत नाही. चाड्यात पाणी सोडायचे आणि ते तिन्ही नळ्यांतून खाली आले की मगच कुंकू लावायचे.

सेवेकरी आडवा आला. “थांबा. सिद्ध तिफण धुवायची नसते.”

रामराव सुतार उठले.

“काऊन धुवायची नसते?”

“महाराजांची आज्ञा आहे, बाबा. शक्ती वाहून जाते.”

“वाहून जाते? मह्या बापानं घडवेल तिफणी ह्या पारावर धुतल्या. म्या घडवेल धुतल्या. पारोश्या तिफणीले कुंकू लावाव काय आता?”

पारावरची कुजबुज मोठी झाली. घमेल्यांनी जे घडले नाही ते आता घडत होते. माणसांना फसवले गेल्याचा राग आला नव्हता; पूजा बाटेल याचा आला. एकजण म्हणाला, गावाची रीत गावाची. दुसरा म्हणाला, महाराज मोठे असतील, पण पारोशी पूजा चालायची नाही. नारायणरावांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांनी डोळे मिटले होते. समाधीचा याहून सोयीचा मुहूर्त नव्हता.

“धुवा, जनकाबाई,” नारायणराव म्हणाले.

जनकाबाईंनी पाणी सोडले. नळ्यांतून नेहमी लगेच धार येते. इथे थेंब आला नाही. चाडे भरत गेले. त्यांनी तिफणीचे रुमणे, म्हणजे पेरणारा हातात धरतो तो दांडा, तीस वर्षांच्या सवयीने खाली दाबला. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, आंबट वास आला, आणि तिन्ही नळ्यांतून राखाडी पाण्याबरोबर मोड येऊन बुरसटलेली बाजरी पांढऱ्या कापडावर पडली.

मग रामराव पारावर चढले, चाड्याखाली हात घालून त्यांनी बूड चाचपले. “चाड्याचं बूड दोन बोटं जाड राहते,” ते म्हणाले. “हे सहा बोटं काऊन हाय बे?” त्यांनी पटाशी मागवली आणि बूड उचकटले. लाकडी फळीखाली लाकडाच्याच रंगाची पत्र्याची पेटी होती. पेटीच्या तळाला सरकती पट्टी. पट्टीपासून निघालेली तार दांड्याच्या पोकळीतून मुठीपर्यंत गेलेली. रुमणे दाबले की पट्टी सरके आणि पेटीतली बाजरी राखेच्या जोडीने नळ्यांत उतरे. बाजरी भिजवून वर राखेत घोळवलेली होती, म्हणजे दाणे चिकटत नसत आणि पडताना दिसले तरी राखच वाटत. वरचे रिकामे चाडे लोकांना दाखवण्यासाठी होते. ताशे जनकाबाईंच्या कानांसाठी होते. टँकर कोंबांसाठी होता. मंत्र आणि आत्मा यांना या यंत्रात कुठेही जागा नव्हती.

महाराजांनी डोळे उघडून, ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा होती, असे सांगून पाहिले. ते वाक्य पूर्ण व्हायच्या आत रामराव म्हणाले, “गप.” जनकाबाई तांब्या हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी बाजरीबद्दल काही विचारले नाही. ती त्यांना दोन आठवड्यांपासून ठाऊक होती. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. त्यावर महाराज जे बोलले ते धम्मशीलाबाईंच्या आग्रहावरून ग्रामसेवकाने इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतले.

ठराव नामंजूर झाला. यात आनंद मानणाऱ्यांनी मानावा. ई-क्लास वाचले ते धम्मशीलाबाईंच्या प्रयोगाने नव्हे. ते एका रीतीने वाचले, आणि उद्या एखादा बुवा तिफण धुवू देणारा निघाला, तर ती रीत त्याच्या बाजूने उभी राहील. पोलिसांकडे तक्रार गेली. नुकसान किती, असे विचारण्यात आले. पवन्याच्या बियाण्याला बाजारभाव नाही, त्यामुळे नुकसान लिहिता आले नाही. ते पत्रक कार्यालयाच्या संकेतस्थळावर अजून आहे, छायाचित्रही आहे. मांडवासमोरची बाजरी टँकर गेल्यावर आठवड्यात वाळली. पाऊस आला तेव्हा चाळीस एकरांवर पेरायला ओंजळभर बी नव्हते आणि पूर्वीप्रमाणे कुसळ आले. श्रावण संपण्याआधी जनकाबाईंनी दोन गाई बीबीच्या बाजारात नेल्या. परत येताना दोन्ही दावी रिकामी आणल्याबद्दल नवरा काही बोलला, तेव्हा त्यांनी त्याला विचारले, “सभेत हासला होता, आठोते काय?”

वाचकांकडे एक साधे मागणे आहे. दाखवलेली गोष्ट उपटून पाहावी आणि मुळाशी काय चिकटले आहे ते बघावे. टक्के सांगणाऱ्याला विचारावे, कशाचे. कोणी वाद्ये वाजवत असेल तर चार पावले थांबवायला सांगावे आणि कान द्यावा. यासाठी पदवी लागत नाही. जनकाबाई चौथी नापास आहेत. आणि ओळखल्यावर हात जोडू नयेत, बोलावे, कारण गप्प राहणाऱ्या जाणत्यांच्या आधारावाचून असला एकही मांडव उभा राहत नाही.

जनकाबाईंचा प्रश्न होता, “बाजरीच पेरायची होती तं आमचं बी कायले जाळलं?” इतिवृत्तातले उत्तर असे आहे:

“हाव, बाजरी होती. आदल्या दिवशी भिजू घातली होती. मी आठ वर्सं बियाण्याच्या दुकानावर काम केलं, मले समजते काय उगवते न् काय नाही. तुमचं बी चांगलं होतं, मावशी. पोत्यात हात घातल्याबरोबर मले समजलं का हे उगवन. म्हणून तं जाळलं. त्या गवतानं एक डाव जमीन धरली असती तं ते दरसाल आपलं आपणच आलं असतं. मंग मले कोणी बोलावलं असतं?”